दुखणे, प्रारब्ध आणि आठवड्याची गोळी

प्रारब्धाचे भोग भोगूनच संपवावे लागतात, असं आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो. श्रीगुरुचरित्राचं पारायण होणाऱ्या घरात तर हे वाक्य भिंतीवरच्या दत्तगुरूंच्या तसबिरीइतकंच ओळखीचं. मग भोग भोगायचेच असतील, तर दुखण्यावर गोळी का घ्यायची? गोळीने वेदना निम्म्यावर आली, तर उरलेला भोग गेला कुठे? पुढच्या जन्मी तो व्याजासकट उभा राहणार का? हा प्रश्न चेष्टेचा नाही. आपल्या मंदिराच्या ओट्यावर गुरुवारच्या आरतीनंतर तो मला अगदी गंभीरपणे विचारला गेला आहे. आणि विचारणाऱ्यांपैकी एका बाईंनी उत्तराची वाट न पाहता औषध थांबवलं होतं. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, १४ वर्षं झाली. आपल्याकडे सांधा दुखला की सगळ्याला एकच नाव, संधिवात. पण वयोमानाने गुडघ्याची झीज होते ती वेगळी आणि हे दुखणं वेगळं. यात शरीराची जी यंत्रणा रोगजंतूंशी लढायला असते तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. घराची राखण करणाऱ्यानेच घर पोखरावं तसं. बोटांचे, मनगटाचे, पावलांचे लहान सांधे दोन्ही अंगांना सारखेच सुजतात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात आखडलेले राहतात, मूठ मिटत नाही. झिजेच्या दुखण्यात विश्रांतीने बरं वाटतं. इथे विश्रांती घेऊन उठलं की जास्त आखडतं. १०० माणसांत जेमतेम एखाद्याला, त्यातही बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात होणारा हा आजार आहे. आयुर्वेदात याला जवळचं वर्णन आमवाताचं. माधवनिदानात त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे किमान हजार-बाराशे वर्षं वैद्यांना हे दुखणं वेगळं म्हणून ठाऊक होतं.

माझ्या आईलाही बहुधा हेच होतं. ‘बहुधा’ म्हणतो, कारण १९७०च्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी याची तपासणी कोण करणार? तिची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती. मूठ मिटत नसल्यामुळे ती कणीक तळव्याच्या टाचेने मळायची आणि पाण्याची कळशी बोटांनी न धरता कोपराच्या बेचक्यात घेऊन यायची. निरगुडीच्या पाल्याचा शेक, नारायण तेल आणि फारच झालं तर अ‍ॅस्पिरिनची गोळी, एवढाच तिचा उपचार. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, “बरी आहे.” ती १९८६ साली गेली. तेराव्याच्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता : सोशिक. किती सोशिक बाई होती, कधी ‘ऊं’ म्हटलं नाही.

हा शब्द मला आजही सलतो. तिच्या सहनशक्तीविषयी मला शंका नाही, तेवढी माझ्यात नाही. पण तिच्यासमोर सोसणं आणि उपचार घेणं असे दोन रस्ते कधी आलेच नाहीत. आज या आजारावर सर्वात जास्त वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध सर्रास दिलं जाऊ लागलं ते ती गेल्यानंतरच्या काळात. ज्याच्यापुढे एकच रस्ता आहे, तो त्या रस्त्याने गेला म्हणून त्याला तपस्वी म्हणायचं, आणि त्याच्या तपश्चर्येचं कौतुक करून कळशी मात्र त्यालाच उचलू द्यायची, यात कुठे तरी सोय आहे. सोसणाऱ्याची नव्हे, बघणाऱ्यांची. आपल्या घरांतल्या किती सोशिक बायका अशा कौतुकावर दिवस काढून गेल्या असतील!

आता प्रारब्धाकडे वळू. मी शास्त्री-पंडित नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. त्यामुळे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे मला हिशेबाच्या भाषेतच समजतं. जुनी सगळी बाकी हे संचित, त्यातून या जन्मी वसुलीला निघालेला हप्ता हे प्रारब्ध, आणि आज आपण वहीत जी नोंद करतो ते क्रियमाण. आजार आला हे प्रारब्ध म्हणा, माझी हरकत नाही. पण आजार आल्यावर मी डॉक्टरांकडे जातो की नाही, गोळी वेळेवर घेतो की नाही, घरच्यांशी कसा वागतो, ही आजची नोंद आहे. ती प्रारब्धाच्या नावावर कशी टाकता येईल? धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही, हा दृष्टांत कीर्तनात नेहमी ऐकतो. बरोबर आहे. पण लागलेला बाण काढू नये असं कोणत्याही कीर्तनकाराने सांगितल्याचं मला आठवत नाही.

आणि हा वाद नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो, की माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? गुरू सांगतात, ते दैव आणि पुरुषकार म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असतं. सगळंच ठरलेलं असतं तर मंत्र, औषध, होम, उपवास, प्रायश्चित्त यांची कोणाला गरजच पडली नसती. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवून दोन मिनिटं बसून राहिलो. मंत्र आणि औषध एकाच ओळीत! म्हणजे औषधाने प्रारब्धात ढवळाढवळ होते असं ज्याला वाटतं, त्याने गुरुवारचा उपवास आणि सप्ताहाचा होमही त्याच न्यायाने सोडायला हवा. एक करायचं आणि दुसरं पाप मानायचं, हा ताळेबंद जुळत नाही. जाता जाता : हे सांगणारे गुरू पुनर्वसु आत्रेय, आणि आपले आराध्यदैवत दत्त आत्रेय. दोघे एकच असं मी मुळीच म्हणत नाही, पण अत्रिकुळातून आलेला हा उपदेश दत्तभक्ताने परका मानायचं कारण नाही.

प्रत्यक्ष श्रीगुरुचरित्रातही पाहा. तेराव्या अध्यायातला पोटशूळाचा ब्राह्मण आपल्याला माहीत आहे. अन्न पोटात गेलं की असह्य कळा, म्हणून महिना-पंधरा दिवसांनी एकदा जेवायचा. शेवटी पोटाला दगड बांधून गंगेत जीव द्यायला निघाला. श्रीगुरूंनी त्याला बोलावून विचारलं तेव्हा आपल्या पूर्वजन्मीच्या पापांची यादी त्यानेच वाचली : मी अमुक केलं असेल, तमुक केलं नसेल. माझं लक्ष दर वेळी इथे अडतं. ही यादी रोगी वाचतो, श्रीगुरू नाही. श्रीगुरू त्याला सांगतात की तुझ्या व्याधीवर औषध माझ्याकडे आहे, चिंता सोड, आणि जेवायला पाठवतात ते सायंदेवांच्या घरी. तिथे सायंदेवांची अवस्था बघण्यासारखी आहे. जेवून हा गेला तर ब्रह्महत्या माथी येईल, अशी त्यांना धास्ती! पण त्यांनी वाढलं. दुखणेकऱ्याला ‘हे तुझं प्रारब्ध’ असं सांगून श्रीगुरूंनी वाटेला लावलं नाही. मग आपण कोण लागून गेलो?

आता त्या बाईंची गोष्ट. वय ६०च्या आसपास, आजार हाच. त्यांना कोणी तरी सांगितलं, की ४० दिवसांच्या अनुष्ठानात शरीर शुद्ध हवं, असली तीव्र औषधं पोटात नकोत. त्यांनी आठवड्याची गोळी बंद केली. पहिले तीन आठवडे काही झालं नाही, उलट गोळीच्या दुसऱ्या दिवशी होणारी मळमळ थांबल्यामुळे त्यांना हलकं वाटू लागलं. अनुष्ठान फळलं अशी चर्चा झाली. पण या औषधाचा गुण यायला जसे दीड-दोन ते तीन महिने लागतात, तसा तो उतरतोही हळूहळू. अनुष्ठान संपेपर्यंत मनगटं सुजली, आणखी महिन्याभरात त्यांना पदराची पिनही लावता येईना. औषध पुन्हा सुरू झालं, सूज ओसरली, पण सांध्याचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. सूज म्हणजे विस्तव, नुकसान म्हणजे जळालेलं लाकूड. विस्तव विझवता येतो.

याहून वाईट पुढचं. ज्यांनी औषध सोडायला सांगितलं होतं तेच आता म्हणाले, “श्रद्धा कुठे तरी कमी पडली.” आधाराला नंदीशर्म्याची कथा दिली. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी ती वाचनात येते. कुष्ठ झालेला नंदीशर्मा तुळजापूरला उपवास करून, देवीच्या सांगण्यावरून फिरत फिरत गाणगापूरला येतो. संगमावर स्नान करतो, अश्वत्थाला प्रदक्षिणा घालतो, देह निर्मळ होतो. पण मांडीवर थोडा डाग उरतो, कारण येताना मनात संशय होता. बघा, म्हणाले, संशय! बाई घरी जाऊन रडल्या. हाताचं दुखणं होतंच, त्यावर आपण देवाला कमी पडलो हे दुसरं दुखणं.

कथा अर्धी सांगितली की अशी सुरीसारखी चालते. उरलेली अर्धी अशी, की श्रीगुरूंनी त्या डागासाठी नंदीशर्म्याला परत पाठवलं नाही. त्याला काम दिलं, स्तुती कर म्हणून. मी काही शिकलेला नाही, म्हणाला, तर जिभेवर विभूती घातली आणि त्याच्याकडून स्तवन करवून घेतलं. संशयी माणूस आणि उरलेला आजार, दोन्ही त्यांनी जवळच ठेवून घेतले. आणि श्रद्धेच्या मापाने आजार मोजायचा असेल तर श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं काय करायचं? १८५४ साली माणगावला जन्मलेले आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वरला देह ठेवलेले हे महापुरुष वर्षानुवर्षं संग्रहणीने त्रस्त होते, हे त्यांच्या चरित्रात येतं. त्यांच्या श्रद्धेत काय उणं होतं ते मोजायला कोण पुढे येणार आहे?

गोळीविषयी एक गोष्ट नुसती माहिती म्हणून सांगतो, कारण आपल्या वयाच्या लोकांकडून इथे गडबड होते. मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारीच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. डॉक्टरांनी वार निवडायला सांगितला तेव्हा घरात सगळे म्हणाले, गुरुवार ठेवा, लक्षात राहील. पण गुरुवारी माझा उपवास. म्हणून शनिवार रात्र ठरली, कॅलेंडरवर खूण करून, आणि डबी वेगळ्या रंगाची. बरोबर दिलेलं फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. शिवाय ठरावीक मुदतीने रक्त तपासून यकृत आणि रक्तपेशी ठीक आहेत ना ते बघायचं. डोस आणि दिवस प्रत्येकाचे डॉक्टर सांगतील तेच, माझे नकोत. हे सांभाळायला सोवळं सांभाळण्याइतकीच शिस्त लागते, आणि आपल्या लोकांना ती शिस्त येते. फक्त ती इकडे वळवायची.

वेदना मात्र गोळीने पूर्ण जात नाही. निदान माझी गेलेली नाही. उरते तिचं काय करायचं, हा माझ्या दृष्टीने खरा नीतीचा प्रश्न. अवधूताने केलेल्या २४ गुरूंमध्ये बाण तयार करणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो इतका गढलेला, की समोरून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही. दुखणारा माणूस हा त्या कारागिराचा उलटा अवतार असतो. त्याचंही चित्त एकाग्र झालेलं असतं, पण ते आपल्या मनगटावर. सून तापाने फणफणलेली असते, नातवाची परीक्षा असते, बायको रात्रभर आपल्यासाठी जागलेली असते, आणि ही सगळी मिरवणूक समोरून निघून जाते. वेदना माणसाला थोर करते असं पुस्तकांत वाचतो. मी जे पाहिलं त्यावरून सांगतो, ती आधी माणसाला अरुंद करते. थोरपणाची हमी नाही. आणि आपण सोसतो म्हणून घराने आपलं देणं लागावं, अशी कोणतीही ठेव वेदनेच्या नावावर जमा होत नसते.

आमच्या सौभाग्यवतींनी याबाबत एक नियम घालून दिला आहे. “अहो, दुखत असेल तर ‘दुखतंय’ एवढं सांगा, किती ते सांगा. आम्हाला चेहऱ्यावरून ओळखायला लावू नका.” हे ऐकायला सोपं, करायला कठीण. डॉक्टर २८ सांधे एकेक दाबून बघतात आणि मग विचारतात, शून्य ते दहामध्ये आजचा आकडा किती? आई असती तर हा प्रश्न तिला कळलाच नसता. तिचा आकडा कायम शून्य. काही ओळखीचे असेही आहेत की त्यांचा आकडा कायम दहा. मला वाटतं, हा आकडा खरा सांगणं हाही सत्याचाच भाग आहे. कमी सांगितला तर औषध चुकतं आणि घरच्यांना अंदाज येत नाही. वाढवून सांगितला तर त्यांचं मन विनाकारण जळतं. आज चार असेल तर चार. चारच्या दिवशी मी भाजी निवडतो, गंध मात्र उगाळत नाही, कारण सहाणेवर मनगट फिरवणं मला सर्वात जड जातं. सातच्या दिवशी खुर्चीत बसून राहतो आणि सांगतो की आज सात. दोनच्या दिवशी मात्र हुरूप येऊन चार दिवसांची कामं उरकायची नाहीत, हे पथ्य दही-चिंचेच्या पथ्याहून अवघड आहे.

मदत मागणं हेही त्यातच आलं. सोसण्यात एक छुपा अभिमान असतो, तो मागण्यात मोडतो. गाणगापूरला आजही भल्याभल्या घरचे लोक पाच घरी माधुकरी मागतात, ती कशासाठी? पोटाची सोय तर त्यांना परवडण्यासारखी असते. मग “बाळ, एवढं बाटलीचं झाकण उघडून दे,” असं नातवाला म्हणताना माझ्या घशात का अडकावं? मी तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. आता नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर माझीच सही मूळ सहीशी जुळत नाही. काउंटरवरची तरुण मुलगी दोनदा कागद बघते, एकदा माझ्या बोटांकडे, आणि म्हणते, “काका, सावकाश करा.” ही माधुकरीच समजतो मी.

जपाचंही सांगायला हवं. करजप बोटांच्या पेरांवर मोजतात, आणि माझं दुखणं नेमकं पेरांतच आहे. प्रत्येक नामाला अंगठा दुखऱ्या जागीच टेकतो. काही दिवस ते बरं वाटतं, जणू त्या जागेचीच पूजा. सूज असली की मात्र नाही. तेव्हा मोजायचं सोडून देतो, नाम तेवढं चालू ठेवतो. किती झाले ते ज्याच्यासाठी चाललंय त्याला माहीत.

हे सगळं या अंकात लिहायचं कारण सप्ताह जवळ आला आहे. मार्गशीर्षातली थंडी, पहाटेचं स्नान, पहिल्या दिवसाचे ९ अध्याय आणि दुसऱ्या दिवसाचे १२, मांडी घालून एका बैठकीत. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यातले काही जुने वाचक दिसेनासे झाले आहेत. चौकशी केली तर कळतं, गुडघा, कंबर, बोटं. खुर्चीवर बसून पारायण चालतं का, हे विचारायला त्यांना संकोच वाटतो, आणि ‘चालतं’ म्हणायला आपल्याला. नियम वाचकाचं चित्त ग्रंथात राहावं म्हणून आहेत. ज्याचं चित्त पूर्ण वेळ मांडीच्या कळेवर आहे, त्याने जमिनीवर बसून नियम पाळला की मोडला, याचा विचार जाणत्यांनी करावा. माझं मत उघड आहे.

विश्वस्तांशी मी बोललो आहे. सभामंडपाच्या उत्तरेच्या भिंतीशी सहा खुर्च्या आणि पोथी ठेवायला उंच चौरंग मांडायचं त्यांनी कबूल केलं आहे. पान उलटताना ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांच्याशेजारी वेदपाठशाळेतला एकेक मुलगा बसेल. हात शेकायला गरम पाण्याचं घंगाळं मागच्या ओसरीत पहाटे साडेचारपासून तयार असेल. त्या बाईंनाही निरोप दिला आहे. त्या म्हणाल्या, “येईन. पण रविवारी मळमळतं मला, त्या दिवशी थोडी उशिरा आले तर चालेल ना?”

चालेल म्हणून सांगितलं.